धोत्रा गार पडला त्या पहाटेचं प्रकरण

जानेवारीतली पहाट होती. साडेसहाला फोन वाजला तेव्हा कुणाची तरी म्हैस अडली असणार असं धरूनच मी उचलला. पलीकडून आबा होते. "डॉक्टर, धोत्रा गार पडलाय. मेलाय का झोपलाय कळंना झालंय. घिऊन येऊ का?"

धोत्रा म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या त्या घरचा हेजहॉग, काटेरी पाठीचा छोटा पाळीव प्राणी. मुलांनी त्याचं आधी काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण ते आजींच्या तोंडात बसेना. अंग मुडपून गोळा झाला की तो महादेवाला वाहायच्या धोत्र्याच्या फळासारखा दिसतो, म्हणून त्यांनी धोत्रा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. माझ्या केसपेपरवरही तेच आहे. हे सगळं घरच्यांना विचारून लिहितोय, माणसांची नावं तेवढी गाळली आहेत.

सात वाजून दहा मिनिटांनी आबा आले. हातात बुट्टी, बुट्टीत शाल, शालीत धोत्रा. मागे सातवीतली नात, डोळे सुजलेले, हातात मोबाइल. ती दारातूनच म्हणाली, "काका, याला वोब्ली हेजहॉग सिंड्रोम झालाय. मी वाचलंय. त्याला औषध नसतं." आदल्या रात्री धोत्रा चालताना झोकांड्या खात होता, मागचे पाय फेंगडे पडत होते, आणि तिने रात्री बारापर्यंत मोबाइलवर शोधून निदान पक्कं केलं होतं. त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यावं लागेल का, हा प्रश्न तिने विचारला नाही, पण तो तिच्या तोंडावर दिसत होता.

टेबलावर ठेवला. धडधाकट हेजहॉगला बोट लावलं की तो फिस्स करून क्षणात कपाळावरचे काटे पुढे ओढतो आणि गोळा बंद करतो. हा अर्धाच मिटलेला होता. नाकाचं टोक बाहेर. बोट लावल्यावर कपाळाची कातडी हळूहळू पुढे सरकली आणि मध्येच थांबली, जसं चावी संपत आलेलं खेळणं थांबावं. पोटाखाली बोटं घातली तर फ्रीजमधून काढलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं गार लागलं. श्वास मोजले. मिनिटाला दहा. एरवी पंचवीस ते पन्नास असायला हवेत. गोळा पूर्ण मिटत नव्हता म्हणूनच थर्मामीटर लावता आला. तो ३२ अंश सेल्सिअसच्या खाली आकडा दाखवत नाही, नुसतं 'लो' दाखवतो. तीनदा लावला, तीनदा 'लो'. या प्राण्याचं नेहमीचं तापमान ३५ ते ३७ च्या आसपास असतं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हे प्रकरण जानेवारीत सुरू झालेलं नाही. आणि त्यात माझाही हात आहे.

जूनमध्ये मामाने भाच्यांसाठी पुण्याहून हा प्राणी आणला. विकणाऱ्याने सांगितलं की फार काही लागत नाही, भाजी-फळं खातो, दूध प्यायला तर उत्तम. पावती नाही, वय अंदाजे तीन महिने. घरात आबा म्हणजे जुने पैलवान. त्यांच्या हिशेबात अशक्त जिवाला एकच औषध, म्हशीचं दूध. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून देतात ते धारोष्ण दूध स्वतः प्यायचं आणि उरलेलं किटलीतून घरी आणायचं, हा त्यांचा कैक वर्षांचा शिरस्ता. त्यात आता एक बशी धोत्र्याची.

ऑक्टोबरात मला पहिल्यांदा बोलावलं ते वेगळ्याच कारणाने. वहिनींचा फोन, आवाज घाबरलेला. "डॉक्टर, तो पिसाळलाय. तोंडातून फेस काढतोय, अंग वेडंवाकडं करतोय, मुलांना जवळ जाऊ देत नाहीये मी." गेलो. धोत्रा हॉलमध्ये एका कोपऱ्यात मान पाठीपर्यंत वळवून जिभेने पाठीच्या काट्यांवर पांढरा फेस फासत होता. शेजारी दिवाळीसाठी आणलेली कोरी कोल्हापुरी चप्पल. ती दिसल्यावर मी हसलो, त्यामुळे वहिनी आणखी चिडल्या. हेजहॉगला एखादा नवा किंवा उग्र वास भेटला की तो ती वस्तू चाटतो, चावतो, तोंडात फेस करतो आणि तो फेस आपल्या काट्यांना माखतो. का करतो यावर शास्त्रज्ञांची बरीच मतं आहेत. स्वतःचा वास लपवण्यासाठी किंवा काटे आणखी झोंबावेत म्हणून, असं मानतात. कमावलेलं कातडं तर त्याला फार आवडतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरलेलं आपल्याकडचं चामडं म्हणजे त्याला मेजवानीच. चप्पल उचलली, दहा मिनिटांत धोत्रा भानावर आला.

गेलोच होतो म्हणून तपासला. आता गोळा झालेला प्राणी तपासायचा कसा? मोठ्या शहरांत अशा प्राण्यांना आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू देऊन ढिला करतात आणि मग तोंड, पोट, नखं बघतात. माझ्याकडे ते यंत्र नाही. माझी युक्ती गावठी आहे. तळाशी बोटभर कोमट पाणी घातलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात सोडायचा. पाणी लागलं की उलगडतो, आणि मग डबा वर धरून खालून बघायचं. मागच्या पायांना चारच बोटं दिसली. कानामागे आणि मानेवर खपल्या, काटे काही ठिकाणी विरळ. कोवळ्या वयात जुने काटे गळून नवे येतात, त्याला आजार समजू नये. पण इथे काट्यांच्या बुडाशी कोंडा होता आणि तो भिंगाखाली हलत होता. खरजेचे किडे. मानेवर टाकायचे थेंब वजनानुसार दिले, सुताराकडून आणलेला भुसा काढून टाकायला सांगितला. नातीच्या मनगटावर नाण्याएवढा गोल लाल चट्टा दिसला म्हणून तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हेजहॉगच्या अंगावरून माणसाला येणारी एक बुरशी आहे, ट्रायकोफायटॉन एरिनेसाय, आणि तिचा नायटा चांगलाच खाजतो. पिंजऱ्यातली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, पापे घ्यायचे नाहीत हेही सांगितलं, कारण हे प्राणी स्वतः ठणठणीत असूनही साल्मोनेला हे जुलाबाचे जंतू बाळगतात.

वजन ४१० ग्रॅम. पिंजरा हॉलमध्ये, खोली उबदार. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'जागा ठीक'. काय खातो हे मी विचारलं होतं. "सगळं खातो" असं उत्तर आलं आणि मी पुढे खोदलं नाही. दुधाच्या बशीचा उल्लेख ना त्यांनी केला, ना मी काढून घेतला.

डिसेंबरात वहिनींचा दुसरा फोन आला. मी कसबा बावड्यात एका गोठ्यात होतो, एक हात म्हशीत, दुसऱ्या हाताने फोन कानाशी. "हल्ली लई झोपतो तो. खाणंही कमी केलंय." मी म्हणालो, "थंडीत मंदावतात वहिनी ते. झोपू दे."

हे उत्तर चुकलं. अगदी खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्या प्राण्याबद्दलचं होतं. युरोपातल्या बागांमध्ये फिरणारा हेजहॉग हिवाळ्यात महिनोन्‌महिने शीतनिद्रा घेतो, त्यासाठी आधी चरबी साठवतो, त्याचं शरीर त्यासाठीच घडलेलं आहे. अभ्यासक्रमात, चित्रांत, कुठेतरी वाचलेलं तेच डोक्यात बसलेलं होतं. पाळीव म्हणून विकला जातो तो आफ्रिकेतला चार बोटांचा हेजहॉग, अ‍ॅटेलेरिक्स अल्बिव्हेंट्रिस. सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ, उष्ण भागातला. त्याला २४ ते २९ अंशांत बरं वाटतं. अठरा-एकोणीसच्या खाली गेलं की त्याचं शरीर ग्लानीत जाऊ बघतं, पण ती ग्लानी त्याला पेलत नाही. रक्ताभिसरण मंदावतं, प्रतिकारशक्ती पडते, आतडी थांबतात, आणि बरेच तसेच मरतात. युरोपीय हेजहॉगला झोप म्हणून जे पथ्याचं, ते याच्या जिवावरचं.

आणि मधल्या काळात पिंजरा हलला होता. ही गोष्ट मला त्या जानेवारीच्या सकाळी समजली. धोत्रा रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत चाकात पळतो. चाक तारेचं, आसावर घासणारं, खरखर आवाज करणारं. नातवाची बारावी. त्याचा अभ्यास रात्रीचा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर्वानुमते पिंजरा वर माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेला. पत्रा दिवसा तापतो, रात्री तितक्याच झटपट निवतो. खोलीला खिडकी एक, तीही पोती लावून बंद, त्यामुळे उजेड नाही. कमी उजेड हाही या प्राण्याला ग्लानीकडे ढकलतो. थोडक्यात, मी फोनवर 'झोपू दे' म्हणालो तेव्हा तो माडीवर होता आणि मला तो हॉलमध्येच दिसत होता.

परत टेबलाकडे. गार पडलेल्या प्राण्याला घाईने तापवायचं नसतं. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर मारणं, हीटरसमोर ठेवणं, यांत कातडीकडच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात आणि आतलं रक्त कातडीकडे धावतं. तासा-दीड तासाचा, हळूहळू शेक हवा. माझ्याकडची गरम पाण्याची पिशवी फाटलेली निघाली. आबांनी काही न बोलता स्वेटर वर केला, बंडी वर केली, टॉवेलात गुंडाळलेला धोत्रा पोटाला लावला आणि वरून शाल घेतली. "टोचत न्हाई व्हय आबा?" तर म्हणाले, "लाल मातीत लोळलोय मी. ह्ये काय टोचणार?" दोन बाटल्यांत कोमट पाणी भरून, सॉक्स चढवून दोन्ही बाजूंना लावल्या. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही म्हणून खाऊ-पिऊ काही नाही. आजी घरून दूध गरम करून पाठवते म्हणाल्या, ते थांबवलं.

आठ चाळीसला थर्मामीटरने पहिल्यांदा आकडा दिला, ३३.४. मग कोमट केलेलं सलाईन कातडीखाली दिलं. ते देताना एक गोष्ट लक्षात ठेवायची असते. काट्यांच्या खाली चरबीची जाड गादी आहे, तिथे टोचलं तर पाणी तसंच साठून राहतं. काटे संपून केस सुरू होतात त्या कडेला, कुशीत टोचायचं. साडेनऊला ३५.६. धोत्र्याने जांभई दिली. त्या जांभईत वरच्या टाळूला चिकटलेलं अर्धं शेंगदाण्याचं डाळं दिसलं. चिमट्याने काढलं. ते किती दिवस तिथे होतं कुणास ठाऊक.

मग त्याला फरशीवर सोडला. चार पावलं टाकली आणि डावीकडे कलंडला. नात एकदम रडायलाच लागली. "बघा, वोब्लीच आहे."

हे नाव तिला सापडलं त्यात तिची चूक नाही. वोब्ली हेजहॉग सिंड्रोम खरा आजार आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण झिजत जातं. सुरुवात बहुधा मागच्या पायांपासून, मग गोळा मिटता येईनासा होतो, मग लुळेपणा पुढे सरकतो. बहुतेकदा दोन वर्षांच्या आतल्या प्राण्याला होतो, आणि उत्तर अमेरिकेतल्या पाळीव हेजहॉगपैकी साधारण दहा टक्क्यांना तो होतो असं सांगतात. औषध नाही. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे जिवंतपणी खात्री करायची चाचणी नाही. मेल्यानंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तरच पक्कं म्हणता येतं. म्हणजे कुठलाही डळमळणारा हेजहॉग मोबाइलवर शोधला की हेच नाव समोर येणार, आणि कुणीही ते खोडून काढू शकणार नाही. म्हणूनच ते सगळ्यात शेवटी घ्यायचं नाव आहे. आधी गारठा, उपासमार, साखर उतरणं, कानाचा संसर्ग, पडून लागलेला मार, हे एकेक बाजूला सारायचं.

मी नातीला म्हणालो, "अकरा वाजेपर्यंत थांब. दर अर्ध्या तासाने त्याला या लादीवरून चालवू आणि तू व्हिडिओ काढ." लाद्यांच्या रेघा सरळ होत्या, तेच मोजमाप. साडेनऊला डावीकडे कलंडला. दहाला दोनदा अडखळला. साडेदहाला रेघ सोडली पण पडला नाही. अकराला रेघेवरून सरळ जाऊन कपाटाखाली घुसला आणि बाहेर यायला तयार होईना. मेंदूच्या झिजेचा डोल असा दीड तासात सावरत नाही. तापमानाबरोबर चढत-उतरत असेल तर तो गारठ्याचा डोल. नातीने चारही व्हिडिओ एकापुढे एक लावून बघितले, मग पुन्हा बघितले.

वजन ५४० ग्रॅम भरलं. तीन महिन्यांत १३० ग्रॅम. पुढच्या पायांच्या बगलेत चरबीच्या पिवळट घड्या पडलेल्या, आणि गोळा मिटला तरी मधे फट राहत होती. गोळा पूर्ण मिटत नाही तो हेजहॉग लठ्ठ, इतकी साधी खूण आहे. तेव्हा कुठे मी ऑक्टोबरात विचारायला हवं होतं ते विचारलं. सकाळी दुधात कुस्करलेली चपाती. दुपारी शेजारच्या काकांनी सुचवलेलं रताळं नाहीतर भुईमुगाच्या शेंगा, "साळिंदरं रानात ह्येच खात्यात" म्हणून. रात्री कुत्र्याचं बिस्कीट. झोपताना धारोष्ण दूध.

त्या साळिंदराने या घराचा बराच घोळ केला. शेजारचे काका पन्हाळ्याकडच्या गावातले, त्यांनी शेतात साळिंदरांनी उकरलेली रताळी बघितलेली. काटे दिसले की साळिंदर, एवढा त्यांचा हिशेब. साळिंदर उंदीर-खारींच्या गणातलं, दहा-पंधरा किलोचं, कंदमुळं-साली कुरतडणारं जनावर, त्याचे वीतभर काटे सुटून समोरच्याच्या अंगात रुततात. हेजहॉगचे काटे दोन-अडीच सेंटिमीटरचे, काही हजार, आणि कातडीत घट्ट. नात्याने तो आपल्या घरात फिरणाऱ्या चिचुंद्रीला जवळचा, साळिंदराला नाही. तोंडात छत्तीस दात, किडे चिरडण्यासाठी केलेले. दुधातली साखर त्याला पचत नाही, जुलाब होतात. शेंगदाणा टाळूला अडकतो. रताळ्याने पोट भरतं पण अंगाला लागायला हवीत ती प्रथिनं मिळत नाहीत.

आबांना हे पचायला सगळ्यात जड गेलं. "दुधानं कुणाचं वाटुळं झालंय व्हय डॉक्टर?" त्यांचं चुकत नव्हतं. रेडकाला, पैलवानाला, बाळंतिणीला ते खरंच होतं. मी म्हणालो, "आबा, मी पण त्याला दुसराच कोणतरी समजून बसलो होतो. तुम्ही रेडकू समजलात, काकांनी साळिंदर समजलं, एवढंच." ते काही बोलले नाहीत, पण बशी बंद झाली.

साळिंदरावरून दुसरा एक प्रश्न निघाला होता. काकांशी गटारीवरून जुनं वाकडं, त्यामुळे त्यांनी एकदा 'साळिंदराचं पिल्लू कोंडलंय, वनखात्याला कळवतो' असा दम दिला होता. आबांनी जाता जाता हळूच विचारलं, "आमास्नी धरत्यात व्हय?" वकील नसताना जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. साळिंदर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, ते पाळणं गुन्हाच. भारतात स्वतःचेही हेजहॉग आहेत, राजस्थान-गुजरातकडचे आणि दक्षिणेत तमिळनाडू-आंध्राकडचे, तेही रानातून उचलून घरात ठेवता येत नाहीत. धोत्रा त्यांच्यापैकी नाही. मागच्या पायाची चार बोटं आणि बेताचे कान, यावरून एवढं तरी सांगता येतं. परदेशी प्राण्यांची नोंदणी करायचे नियम २०२४ मध्ये आले, पण ते साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी, आणि हा त्या यादीत नाही. तरीही परदेशातून प्राणी आणायला परवाना लागतो, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानाला २०१८ च्या नियमांप्रमाणे नोंदणी आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. विकणाऱ्याने पावती दिली नाही तर हा प्राणी कुठून आला हे घरच्यांना कधीच दाखवता येणार नाही. माझं मत विचाराल तर अशा पावतीविना विकल्या जाणाऱ्या प्राण्याला हातच लावू नये. आणि खरं सांगायचं तर पावती असली तरी, रात्रभर जागणारा, माणसाच्या हाताला अंग चोरणारा, गारठ्यात मरणारा आणि गावात धड तपासायची सोय नसलेला प्राणी मुलांच्या हौसेसाठी आणू नये असंच मी सांगतो. चार-पाच वर्षं जगतो, त्यात तीन वर्षांनंतर गाठी, दातांचे आजार वारंवार. पण धोत्रा आलेला होता. आलेल्याचं काय करायचं हा वेगळा प्रश्न असतो.

त्या दिवशी घरी पाठवताना मी औषधाऐवजी एक साधा थर्मामीटर दिला, रात्रीचा सगळ्यात कमी आकडा धरून ठेवणारा. म्हटलं, खोली आता रिकामी असली तरी हा थर्मामीटर दोन रात्री माडीवर ठेवा. पहिल्या रात्री १५.८, दुसऱ्या रात्री १६.२. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, जानेवारीत पहाटे चौदा-पंधरापर्यंत उतरतं. आपण त्याला गुलाबी थंडी म्हणतो आणि पंचगंगेच्या घाटावर जाऊन चहा पितो. माणसाला स्वेटर पुरतो म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाही.

पिंजरा खाली माजघरात आला. नातीने पहिल्या रात्री साठ वॉटचा बल्ब लावला, ऊब आली पण उजेडामुळे धोत्रा रात्रभर बिळातून बाहेरच आला नाही. उजेड न देणारा सिरॅमिकचा गोळा मागवला. त्याला अंडी उबवायच्या पेटीला लावतात तसला थर्मोस्टॅट जोडून २५ वर बांधला, कारण तो नुसता चालू ठेवला तर भाजतो. वीज गेली तर सॉक्स चढवलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या, हे आजींकडे. दिवसा बारा-तेरा तास उजेड, रात्री अंधार. आजींनी मायेने घातलेली जुन्या गोधडीची घडी काढायला लावली, कारण सुटलेला धागा बोटाला गुंडाळतो आणि दोन दिवसांत बोट काळं पडतं. तिच्याजागी न उसवणारं फ्लीसचं कापड.

चाकाची गोष्ट बारीक आहे, पण सगळं तिथूनच सुरू झालं होतं म्हणून सांगतो. जुनं चाक हॅमस्टरसाठीचं, लहान, तारांचं. त्यात पाय अडकतो आणि पाठ उलटी वाकते. नवं तीस सेंटिमीटरचं, सलग पत्र्याचं नव्हे तर सलग प्लास्टिकचं, बेअरिंगवर फिरणारं. आवाज पंख्याइतका. नातवाने एका रात्रीत तक्रार मागे घेतली. हे चाक डिसेंबरात आलं असतं तर पिंजरा माडीवर गेलाच नसता.

खाण्यात मुख्य म्हणजे मांजराचं चांगलं कोरडं खाद्य, प्रथिनं जास्त आणि चरबी बेताची, रात्री दीड चमचा मोजून. आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं उकडलेलं चिकन. पक्षी पाळणाऱ्या एका ओळखीच्याकडून मीलवर्म नावाच्या अळ्या, पण एका वेळी चार-पाचच. पोरं त्याला ते टॉफीसारखे भरवू बघतात, आणि त्यात चरबी भरपूर, कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, म्हणजे हाडं ठिसूळ. शेतातले नाकतोडे धरून आणायचे नाहीत, फवारणीचं काय सांगता येत नाही.

फेब्रुवारीत ४९५ ग्रॅम. एप्रिलमध्ये ४५५, गोळा पूर्ण मिटतो. एप्रिलने मात्र उलटा प्रश्न आणला. दुपारी माजघर ३३ ला गेलं आणि धोत्रा पोट फरशीला लावून चारही पाय पसरून पडला. आता सिरॅमिकचा गोळा बंद, आणि पिंजऱ्यात गारव्यासाठी एक कडाप्प्याची लादी. नातीच्या वहीत रोजचे दोन आकडे आहेत, पहाटेचा आणि दुपारचा, पेन्सिलने.

आजार पूर्ण सुटला असं मी म्हटलेलं नाही. दोन वर्षांच्या आतला प्राणी आहे, आणि तो मेंदूचा आजार आत्ता नाही म्हणजे पुढे नाही असं सांगता येत नाही. म्हणून दर पंधरा दिवसांनी त्याच लादीच्या रेघेवरून चालवून व्हिडिओ पाठवायचा ठरलंय. परवाचा आला. धोत्रा रेघेवरून सरळ चालतोय, पाय व्यवस्थित उचलतोय, दारापाशी पोचतो, तिथे आबांची चप्पल. थांबतो, वास घेतो, कड चावतो, आणि तोंडाला फेस यायला लागतो. मागून वहिनींचा आवाज ऐकू येतो, "अगं चप्पल उचल आधी!", आणि व्हिडिओ तिथेच संपतो.